कॅलिस्टोची नऊ सेकंदे

१८ जानेवारी, सकाळचे सव्वादहा. त्या वेळी जे सुरू झाले, ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही.

मी रेडिओ दुर्बिणीवर काम करीत असे. आता निवृत्त आहे. वीस वर्षे मी एकच गोष्ट शोधत होतो. गुरूच्या कॅलिस्टो या चंद्राभोवती विद्युतभारित कणांचे अतिशय विरळ आवरण असते, आयनांबर. ते दिसत नाही. परंतु दूरच्या एखाद्या दीर्घिकेचा रेडिओ संकेत त्या चंद्राआड जाताना, खडकाळ कडेने अडवण्यापूर्वीच क्षीण झाला, तर त्याचा माग लागतो. असा योग क्वचित येतो. माझ्या वाट्याला चार आले. चारही वेळा कडेपर्यंत आलेखावरची संकेताची रेघ सरळच राहिली.

पाचवा योग संपतला मिळाला. बोरी बुद्रुकच्या मेंढपाळाचा हा मुलगा माझ्या हाताखाली तात्पुरत्या नेमणुकीवर होता. पहाटे त्याने निरीक्षण केले आणि सव्वादहाला आलेख माझ्या टेबलावर ठेवला. कड येण्याच्या नऊ सेकंद आधीच रेघ वाकली होती.

"सर, लई बारीक हाय — पण हाय!" आनंद झाला की तो गावच्या बोलीवर येई.

मला काय वाटले? अभिमान वाटायला हवा होता ना? मला तो कागद त्याच्यासमोर फाडावासा वाटला. चार योग माझे — आणि रेघ त्याच्यासाठी वाकावी? हा मत्सर होता. तेव्हाही मला ते कळत होते.

आमच्याकडे एक रीत होती. नोंदीत काही वेगळे दिसले की आधी आसपासच्या गावांत ठिणग्या शोधायच्या. शेतातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, ठिणग्या टाकू लागली की तिची खरखर आमच्या तबकड्यांत शिरते आणि नोंद बाद होते. हे शोधकाम माझ्याकडे होते. मी हातातली अँटेना घेऊन जवळच्या कळंब गावी गेलो. डीपीजवळच्या वावरात एक शेतकरी पाणी देत होता.

"या पावणं! आमच्या डीपीवर लईच जीव जडलाय तुमचा," तो हसला. "मागल्या म्हयन्यात वायरमननं समदं आवळून दिलंय. आज पहाटं चारपासनं मोटर चालूय, खरखर न्हाई का काय न्हाई."

मी अँटेना चहूबाजूंनी फिरवली. डीपी शांत होती.

परत येऊन नोंदवहीत लिहिले — 'कळंब, डीपी, तीव्र ठिणग्या. पहाटेची नोंद बाद.' खाली सही केली. माझी सही कुणी तपासत नसे.

संपतने वाद घातला नाही. "सर, तुमी सोता जाऊन बघितलं ना?" एवढेच विचारले. मी होय म्हणालो. त्याने आलेखाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्याची नेमणूक त्या एका निकालावर टिकायची होती. मला ते ठाऊक होते — शिफारस मीच लिहिणार होतो. मार्चमध्ये नेमणूक संपली. आज तो मंचरला इन्व्हर्टर दुरुस्त करतो. बाद नोंदी काही महिन्यांनी पुसल्या जात. तीही पुसली गेली. आता मी खरे बोललो, तरी त्याच्या हातात ठेवण्याजोगे माझ्यापाशी काय उरले आहे?

ती नऊ सेकंदे माझी असती, तर मी खोट्या ठिणग्या लिहिल्या असत्या का? उत्तर मला माहीत आहे.

त्या दिवसाचे एक काम सांगायचे राहिले. ठिणग्या लिहिल्या, म्हणजे तक्रारही हवी. दुपारी चार वाजता मी वीज कार्यालयाला फोन केला, त्या शेतकऱ्याची मोटर चालवणाऱ्या धडधाकट डीपीचा क्रमांक दिला आणि दुरुस्ती होईपर्यंत ती बंद ठेवायला सांगितली.