मामंजींच्या स्मरणार्थ एक गेम

चहा घ्या आधी, आणि संपवा. ऐकता ऐकता ठसका लागला तर मला बोल नको.

येडेपणा कोण करत नाही हो? पण लोकांच्या येडेपणावर निदान त्यांचं नाव-गाव लिहिलेलं नसतं. माझ्या येडेपणावर गाव, तालुका, जिल्हा सगळं छापून आलंय. वर हात जोडलेलं चित्र.

आमचं गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. पोरीला, म्हणजे पिऊला, थंडीत धाप लागायची आणि डॉक्टर गाठेपर्यंत माझाच श्वास बंद व्हायचा. म्हणून महाडला एक खोली घेतली भाड्यानं. आमचे हे मुंबईला, एका केटररकडे कामाला. होळीला येतात, गणपतीला येतात. सासूबाई गावी, गुरं सोडून खाली यायला तयार नाहीत. खोलीत मी आणि साडेतीन वर्षांची पिऊ. ती बालवाडीत गेली की मी आणि गॅसचा सिलिंडर. तो बंद आहे की नाही ते मी दिवसातनं सात वेळा बघते. दुसरं बघायला आहे कोण?

यांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पोरगी बरी हाय? गॅस बंद हाय? बरं, ठेवतो. मला अजून काय पाहिजे होतं ते मलाही सांगता आलं नसतं. पण ते यात नव्हतं एवढं खरं.

माझी मावसबहीण वैशाली इथंच पार्लरमध्ये कामाला आहे. तिनं एका दुपारी माझ्या मोबाईलमध्ये एक गेम टाकून दिला.

"मला गेम-बिम जमत नाय गो. सातवी शिकलेय मी."

"मराठीत हाय. वाचायचं आणि बोट लावायचं, बस. गोष्टच हाय. फक्त मोठ्यांची हाय, पिऊला दाखवू नको."

गोष्टीत एक बाई नव्या शहरात एकटी राहायला येते. ती बाई म्हणजे आपण. खालच्या मजल्यावर एमिल नावाचा एक माणूस, घड्याळं दुरुस्त करणारा. तो बोलतो, आपण उत्तर निवडायचं. मध्येच ते मोठ्यांसाठीचं यायचं. मग मी मोबाईल पालथा घालून वर तांदूळ पाखडायचं सूप झाकायची आणि त्या वेळी वाजणारं गाणं संपलं की उचलायची. त्यामुळे गेमचा बराच भाग मला नुसत्या चालीवरनं माहीत आहे.

पण दार उघडलं की तो एमिल पहिलं काय म्हणायचा माहितेय? "जेवलीस का?"

हसू नका. तुम्हाला विचारणारं कुणीतरी घरात आहे म्हणून हसू येतंय.

चौथा भाग संपला आणि एक चिठ्ठी आली. गेम मराठीत करणाऱ्या ताईंनी लिहिलेली. हा गेम परदेशातला एक माणूस एकटा घरात बसून बनवतो, मी तो हौसेनं मराठीत आणते, आणि आपण सगळे तो फुकट, चोरून खेळतोय. त्याच्याकडचे पैसे संपलेत. जमेल तेवढे पाठवा, तरच पुढचा भाग होईल. देणाऱ्यांची नावं पाचव्या भागाच्या शेवटी येतील.

चोरून? मी? आमच्या गावात पालखीची वर्गणी दिल्याशिवाय कुणी पंगतीला बसत नाही, आणि मी चार भाग जेवून ढेकर देऊन बसले होते.

मिक्सरच्या नव्या भांड्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे मी त्या ताईंना मोबाईलवरनं पाठवून दिले. लगेच त्यांचा मेसेज आला, धन्यवाद, नाव काय टाकू? मीही धीर करून विचारलं, परदेशातही जेवलीस का म्हणतात का हो?

त्यांनी लिहिलं, "नाही. तिकडे तो नुसता 'छान संध्याकाळ आहे' म्हणतो. जेवलीस का मी घातलंय. मीपण एकटीच राहते."

मग नावाचं. आता तुम्हीच सांगा, वर्गणी दिल्यावर आपल्याकडे नाव कसं देतात? एसटी स्टँडवरचा बाक, देवळातली घंटा, शाळेतली पाण्याची टाकी, अगदी स्मशानातली शेडसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असते. आमच्या मामंजींचं नाव मात्र कशावरच नाही. सासूबाई दर वर्षी श्राद्धाला डोळ्याला पदर लावतात, की येक बाकडा नाय कुठं त्यांच्या नावाचा. म्हटलं, लागतंय तर लागू दे नाव.

मी टाईप केलं: कै. धोंडू रामा सकपाळ यांच्या स्मरणार्थ, सूनबाई सौ. सुगंधा संतोष सकपाळ, मु. कुडपण, ता. पोलादपूर, जि. रायगड. शेवटी हात जोडलेलं चित्र.

असल्या ठिकाणी लोक टोपणनाव देतात हे मला कुणी सांगितलं होतं?

महिन्याभरानं पाचवा भाग आला, फक्त वर्गणी दिलेल्यांसाठी. शेवटाला गाणं सुरू झालं, मी सूप झाकलं. गाणं काही संपेना. पिऊला आणायची वेळ झाली म्हणून सूप उचललं तर एमिल आणि ती बाई एका पांघरुणात, आणि त्यांच्या अंगावरनं नावं वर सरकत होती. काळी मांजर. झोपमोड्या. तुझा बंड्या. आणि त्यांच्या मागोमाग, हात जोडलेल्या चित्रासकट, आमचे मामंजी.

मी मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

पिऊला आणल्यावर तो झटकून बाहेर काढला आणि ताईंना लिहिलं, पाया पडते, पण ते नाव काढा. त्यांचं उत्तर आलं, काढून आता उपयोग नाही. कुणीतरी ती फाईल फोडून फुकट वाटलीय, ग्रुपाग्रुपांवर फिरतेय. आणि अजून एक गोष्ट होती. त्या परदेशी माणसानं विचारलं होतं की हे गृहस्थ कोण. ताईंनी सांगितलं, एका सुनेचे वारलेले सासरे. त्याला भरून आलं म्हणे. त्यानं ते नाव सगळ्या भाषांतल्या गेममध्ये शेवटी टाकलं. एकटंच, मोठ्या अक्षरांत.

मामंजी हयातीत कधी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरलासुद्धा गेले नव्हते.

संध्याकाळी वैशाली हसत हसतच जिना चढून आली. पार्लरमधल्या पोरी तिला विचारत होत्या, कुडपणचे सकपाळ म्हणजे तुझ्या बहिणीचेच ना?

"सगळा पत्ता दिलास, पिनकोड तेवढा ऱ्हायला गो," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिनंच चहाचं आधण ठेवलं.

यांना कळलं तर? बाई एकटी खोली घेऊन राहते आणि असले गेम खेळते, तेही यांच्या बापाच्या नावानं. कुठला नवरा ऐकून घेईल?

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी यांचा फोन. रविवारी येतोय, बोलायचं हाय, एवढंच. गॅसचं विचारलंच नाही. होळी नाही, गणपती नाही, सुट्टी काढून हा माणूस येतोय कशाला? मला कळायचं ते कळलं. माझं माहेर तुडीलचं. यांनी "जा" म्हणायच्या आधी आपणच तयार राहिलेलं बरं म्हणून मी तीन दिवस पिशव्या भरत होते. पिऊची औषधं, स्वेटर, आईनं दिलेली भांडी. रात्री झोप नाही आणि दिवसा जेवण नाही.

रविवारी हे आले. पाणी प्यायले, पिऊला मांडीवर घेतलं, आणि खाली बघत म्हणाले, "बाबांचं नाव बघितलं."

झालं. मी एका दमात सगळं ओकले. वैशाली, वर्गणी, मिक्सरचं भांडं, सूप. त्या एमिलशी माझं काही नाही हो, हेसुद्धा म्हणाले. यांनी सगळं ऐकून घेतलं. मान वर नाही.

मग नेहमीसारखं माझ्या डोक्यात उशिरा उजाडलं.

"अहो, पण ते नाव तर पाचव्या भागाच्या अगदी शेवटी येतं. तिथवर पोचायला मला दोन महिने लागले."

हे पिऊच्या केसांतनं हात फिरवत राहिले.

"सुट्टीच्या दिवशी खोलीवर मी येकटाच असतो. बाकीची पोरं कामावर. फुकट मिळाला म्हून घेतला," ते म्हणाले. "वर्गणी पण नाय दिली मी. तो इचारतो ना गो, दार उघडल्यावर."

म्हणजे मुंबईत हे आणि महाडात मी, नवराबायको दोघंही एकाच परक्या माणसाला सांगत बसलो होतो, की हो, जेवले.

"तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

"नाय. सकाळच्या गाडीनं निघालो."

मी भात टाकायला उठले. कुकर सापडेना. फळीवर नाही, मोरीत नाही. मग आठवलं. यांच्या डोळ्यांदेखत मी कोपऱ्यातली पिशवी उघडली आणि पिऊच्या स्वेटरखालनं कुकर बाहेर काढला.

"ह्यो कुठं निघालेला?"

"तुडीलला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

सासूबाईंना यांनी आधीच कळवलं होतं, बाबांचं नाव परदेशात लागलं म्हणून. त्यांना ते बघायचं होतं. यांनी वरचं पांघरूण कापून नुसत्या नावाचा फोटो काढून दिला. कितीही कापलं तरी कोपऱ्यात एमिलच्या पायाचा अंगठा राहिलाच. सासूबाईंना वाटतं कुणा महाराजांचं पाऊल आहे. रोज फूल वाहतात. गावी गेले की मलाही वाकावं लागतं. वाकते डोळे मिटून, सुपाची सवय आहे.

हे गेले परत मुंबईला. पुन्हा मी आणि सिलिंडर. पण आता फोन आला की गॅसच्या आधी विचारतात, जेवलीस का. वाक्य कुठनं ढापलंय ते मला ठाऊक आहे. पण मी बोलत नाही. त्याची वर्गणी आमच्या घरातनं गेलेली आहे.

फक्त परवा भाकरी थापता थापता फोन खांद्याला लावला होता, लक्ष तव्यावर. यांनी विचारलं, "जेवलीस का?"

आणि माझ्या तोंडातनं गेलं, "हो, एमिल."

पलीकडे कसलंतरी भांडं पडलं.

मग म्हणाले, "गॅस बंद हाय ना?"