दोन डबे आणि एक टिळा

दसऱ्याच्या सकाळी बायको कुंकवाचं तबक घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि थबकली. "टिळा कुठल्याला लावू?"

टेबलावर दोन डबे. दुसरा मी जागा वाचवायला आणला, हे सांगताना माझंच टाळकं सरकतं. सुटे भाग जमवून मी जोडलेला कॉम्प्युटर आता म्हातारा झालाय, आणि त्याच्या धुडामुळे तिचं शिलाई मशीन जमिनीवर गेलं होतं. नवा कॉम्प्युटर परवडेना, म्हणून नुसता छोटा कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा रिकामा डबा, आणला; आतलं सगळं जुनंच बसवायचं ठरवलं. टेपनं मोजमाप घेतलं. पण वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या मागे वायरी वळायलाही जागा लागते, हे या गाढवाच्या लक्षात आलं नाही. आता सप्लाय जुन्या धुडातच बसलाय आणि तिथून नव्या डब्यात वायरी गेल्यात, सलाइन लावल्यासारख्या.

आटोपशीर व्हायचं तर काहीतरी सोडावं लागतं. मला काहीच सोडायचं नव्हतं. सगळं सामान धरून ठेवायचं आणि घर लहान पडतं म्हणून चिडायचं, हा माझा जुना खाक्या.

जुन्या पत्र्यावर मागच्या दसऱ्यांची कुंकवाची बोटं अजून फिकट दिसत होती.

"दोघांना लाव," मी वैतागून म्हणालो.

"दोघांना कशाला? ज्याच्यावाचून अडतं, त्याला लावते."

तिनं जुन्यालाच टिळा लावला, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग खाली बसली आणि जमिनीवरच्या आपल्या मशीनची पूजा करू लागली.