गल्लीच्या तोंडावर थांबणारी रिक्षा

फोन अभिजितचा होता. "मावशी, आई गेली. ये." एवढंच बोलला आणि ठेवला. मी जयसिंगपूरच्या घरात ओल्या हाताने रिसीव्हर धरून उभी. राग आला मला त्याचा. अरे, काही रीत आहे की नाही? आधी 'तब्येत जरा जास्त आहे' म्हणावं, मग 'निघ' म्हणावं, माणसाला निदान खुर्चीवर बसू द्यावं... एस्टीने हातकणंगले मागे टाकलं तेव्हा कुठे उमगलं, की पोरगं आईच्याच वळणावर गेलंय. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, आयुष्याच्या उत्तरार्धात सगळ्यांना एकच गोष्ट शिकवली होती. वाईट बातमीला अंगडं-टोपडं घालायचं नाही.

पूर्वार्धात ती नेमकं उलटं शिकवायची. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत ती मराठीची बाई. वाक्यं जोडणं हा तिचा हातखंडा. फळ्यावर चार सुटी वाक्यं लिहायची : पाऊस आला. ओढा भरला. गाडी थांबली. आम्ही परत फिरलो. पोरींनी त्याचं एक वाक्य करायचं. नुसते 'आणि, आणि' लावलेले चालायचे नाहीत, कशामुळे काय झालं ते दिसलं पाहिजे. एखादीचं वाक्य अर्ध्यात लोंबकळलं, की अक्काची वर्गातली शुद्ध भाषा गळून पडायची. "कर्ता हितं कोल्हापुरात बसवलास आणि क्रियापद मिरजंला उतारलं की गं! दोघांची गाठ कवा पडायची?" वर्ग हसायचा, पण पोरींची वाक्यं सरळ व्हायची.

तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या दाजींचं, शाहूपुरीत लाऊडस्पीकरचं दुकान. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे बांधून दाजी गावभर पुकारत फिरायचे. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, उद्या नळाला पाणी येणार नाही. मजकूर अक्काचा. तोही म्हणजे एकच लांबलचक, ठाकठीक बांधलेलं वाक्य. दाजींची दमछाक व्हायची. "बाईसाहेब, मधी एकांदा टिंब द्या की. माजी फुफ्फुसं हायत का लव्हाराचा भाता?" त्यावर अक्का म्हणायची, "टिंब दिलं की माणूस उठून जातंय. वाक्य संपूच द्यायचं न्हाई." आम्ही सगळे हसायचो. आता ते हसणं आठवायला नको वाटतं.

नव्वदच्या दशकातलं ते वर्ष. चार दिवस पावसाने डोळा उघडला नव्हता. नदी लांब आहे म्हणून शाहूपुरीतली माणसं निवांत असतात, पण तिथलं पाणी समोरून येतच नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी मागे सरतं आणि परसातून, मोरीतून गुपचूप वर येतं. मी तेव्हा अक्काकडेच होते. दुपारी मोरीच्या जाळीतून गांडुळं वर यायला लागली. अक्का ती झाडूने परत लोटत होती आणि ती पुन्हा वर येत होती. तेवढ्यात तरुण मंडळाची पोरं आली, म्हणाली, "बाई, नाल्याकडच्या गल्लीला सांगाय पायजे, पटकन लिवून द्या." लोकांची पळापळ होऊ नये म्हणून अक्काने उभ्याउभ्या लिहिलं : 'पंचगंगेची पातळी वाढत असली, तरी घाबरून जाण्याचे कारण नसून, नाल्याकडच्या गल्लीतील रहिवाशांनी दिवस मावळण्यापूर्वी घरे सोडून शाळेत यावे.' वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. माझ्यादेखत तिने ते एकदा वाचलं, 'घाबरून'मधला दीर्घ उकार ठळक केला आणि दाजींच्या हातात दिलं.

गल्ल्यांच्या उताराला पाणी लागलेलं, त्यामुळे रिक्षा आत शिरेना. दाजी वरच्या रस्त्यानेच पुकारत गेले. पत्र्यांवर पाऊस ताशासारखा वाजत होता. रिक्षा गल्लीच्या तोंडावरून जाई तेवढ्या वेळात जो तुकडा आत शिरेल, तोच त्या गल्लीचा. एका गल्लीने ऐकलं, 'पातळी वाढत असली'. एकीने ऐकलं, 'शाळेत यावे'. आणि नाल्याकडच्या गल्लीच्या वाट्याला आलं, 'घाबरून जाण्याचे कारण नसून'.

त्या गल्लीत शेवटच्या घरात पारूमावशी राहायची. एकटी. वाकळा शिवायची, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. अक्काची दोन्ही बाळंतपणं तिच्या वाकळेवर झाली. संध्याकाळी गल्लीत पाणी घुसलं तेव्हा बाकीची माणसं पोरं खांद्यावर घेऊन बाहेर पडली. शेजारणीने मावशीला हाक मारली, तर ती चुलीवर भात ठेवत होती. म्हणाली, "तुमी व्हा फुडं. घाबरायचं कारण न्हाई म्हणून सांगून गेली की रिक्षा. बाईंनी लिवून दिलंय, त्ये काय खोटं आसतंय व्हय?"

सकाळी तिला माळ्यावरून खाली घेतलं तेव्हा ती जिवंत होती, पण गारठ्याने छाती भरली होती. पाणी ओसरायच्या आत ती गेली. शेजारणीने ते बोलणं अक्काला येऊन सांगितलं, तेही रागाने नव्हे, मावशीची आठवण म्हणून. अक्काला कुणीच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान तिला भांडता आलं असतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली. नंतर कधीतरी एवढंच म्हणाली, "माजं वाक्य बरोबर होतं गं. म्हणूनच तर तिनं ऐकलं."

त्यानंतरची अक्का आम्हाला नवीन होती. शाळेत अभ्यासक्रमापुरती वाक्यं जोडून घ्यायची आणि मग एका पोरीला तेच वाक्य वाचत व्हरांड्यातून चालायला लावायची. आत बसलेल्यांनी दारातून जेवढं कानावर पडेल तेवढंच लिहायचं. पोरी खिदळायच्या, अक्का हसायची नाही. पुराचा मजकूर तिने नवा केला. 'घर सोडा. पाणी येतंय. शाळेत या.' आणि दाजींना ताकीद दिली, की प्रत्येक गल्लीच्या तोंडावर रिक्षा थांबलीच पाहिजे. घरातही तेच. कुणी 'तसं काही नाही, पण...' म्हणून सुरुवात केली की ती हात वर करायची. "पणच्या फुडचं आदी सांग." पावसाळ्यात सगळे झोपायच्या आधी ती मोरीच्या जाळीजवळ जाऊन उभी राहायची. काय बघतेस म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात तरणे डॉक्टर तिच्या उशाशी वाकून गोड आवाजात म्हणाले, "आजी, गाठ थोडी पसरलेली असली, तरी औषधांचा उपयोग कसा होतो ते बघून पुढचं ठरवता येईल, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही." बिचाऱ्यांना काय ठाऊक! अक्काचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं आत्ताच काही होतंय. डॉक्टर गेल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"तोड."

"काय तोडू?"

"त्यांचं वाक्य. एकेक तुकडा दे मला."

बाहेर डॉक्टरांनी आम्हाला सगळं स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हणाले, "गाठ पसरलीय."

"फुडं?"

"ऑपरेशन होणार नाही."

"फुडं बोल की."

"फार दिवस नाहीत, अक्का."

तिने मनगट सोडलं. "मग हितं कशाला ठेवलंय? घरी न्या." आम्ही नेलं. घरी गेल्यावर तिने कपाटातून पारूमावशीची वाकळ काढायला लावली. इतकी वर्षं ती घडी तिने कुणाला मोडू दिली नव्हती. शेवटपर्यंत तीच अंगावर होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे, बारीक धावदोरा... अक्का त्यावरून बोट फिरवत पडून राहायची. मी दोन दिवसांसाठी जयसिंगपूरला आले आणि अभिजितचा तो फोन आला.

तिच्यामागे मी दाजींसाठी तिथेच राहिले. गेल्या आठवड्यात पाऊस पुन्हा तसाच लागला. दाजी आणि अभिजित रिक्षा घेऊन सकाळीच बाहेर पडले. आमच्या गल्लीला आजवर कधी पाणी आलं नव्हतं, म्हणून मी निवांत भात टाकला. मोरीकडे सहज लक्ष गेलं. जाळीतून गांडुळं वर येत होती. मी बघत राहिले. मनात मी एक वाक्य बांधायला घेतलं होतं, की पाऊस जास्त असला तरी आपली गल्ली उंचावर असल्यामुळे...

तेवढ्यात रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. थांबली. कर्ण्यातून दाजींचा थकलेला आवाज आला, स्वतःच्याच घराकडे तोंड करून.

"घर सोडा."

मी गॅस बंद केला. कच्चा भात तसाच ठेवला. पलंगावरची वाकळ काखेत मारली आणि कडी लावून बाहेर पडले. पायाला गार लागलं.