धाकटीचा पाय आणि माझी उत्तरं

माझ्या धाकट्या जावेच्या डाव्या पायावरच्या शिरा मी गेली दहा-बारा वर्षं पाहत आले आहे. गुडघ्याच्या आतून निघून पोटरीवर वळसे घेत घोट्यापर्यंत गेलेल्या, निळ्या, फुगलेल्या. भाताच्या लावणीला साडी वर खोचली की दिसायच्या. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "असंच हाय." आमच्याकडे शेतात उभ्या राहणाऱ्या बायकांत असे पाय बरेच आहेत, त्यामुळे विचारणारीही पुढे काही विचारत नसे.

या उन्हाळ्यात मात्र घोट्याच्या वरची कातडी काळी पडली, खाज सुटली, आणि खाजवून एक जखम झाली ती भरेचना. हळद लावून झाली, झाडपाला झाला, मुरबाडच्या डॉक्टरांचं मलम झालं. जखम तुरीच्या दाण्याएवढी होती ती चिंचोक्याएवढी झाली.

धाकटी गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. सकाळी साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत उभी. ते काम तिनं स्वतः अर्ज करून मिळवलेलं आहे. आमच्या घरात शेत सासऱ्यांच्या नावावर, गिरणी माझ्या यजमानांच्या नावावर आणि मोटरसायकल दिरांच्या नावावर आहे. तिच्या नावावर ही खिचडी. शाळा सुरू व्हायला महिना उरला होता. पाय असाच राहिला तर काम सोडावं लागणार होतं, आणि तिच्या जागेसाठी गावात चार बायका तयार होत्या. त्यातल्या दोघी आमच्याच भावकीतल्या. त्या रोज पायाची चौकशी करून जात.

मी आणि माझे यजमान सरळगावच्या अलीकडे भाताची गिरणी चालवतो. म्हणजे ते मोटर दुरुस्त करतात आणि मी गिरणी चालवते. मोटरच्या आवाजात बोलण्याची इतकी वर्षं सवय झाल्यावर माझा आवाज आता खाली येत नाही. त्याचा मला कधी त्रास झालेला नाही. दुसऱ्यांना होत असावा.

लेसरचं मला गिरणीवरच कळलं. वाशिंदला दिलेली गावातली एक मुलगी माहेरी आली होती, तिच्या सासूचं झालं होतं. सुईच्या भोकातून शिरेत बारीक तार घालतात, बिघडलेली शीर आतून तापवून बंद करून टाकतात. चिरणं नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी चालत घरी. मला हे फार पटलं. ज्या कामाची सुरुवात आणि शेवट एकाच दिवशी होतो ते काम मला आवडतं. शहापूरला एका दवाखान्यात दर गुरुवारी शिरांचे डॉक्टर बाहेरून येतात हेही तिनंच सांगितलं. मी फोन करून गुरुवारचा नंबर लावला. मग दिरांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, गिरणीवर भात घेऊन आलेल्या सगळ्यांना सांगितलं. धाकटीला शेवटी सांगितलं.

"तुमी ठरवलंय तं जाऊ," ती म्हणाली.

गुरुवारी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीनं आम्ही शहापूरला गेलो. दवाखान्यात एक फॉर्म दिला. तो मी भरला, कारण माझं अक्षर बरं आहे. नाव, वय, गाव. पूर्वीचे आजार : काही नाही. पायाला पूर्वी सूज : नाही. शिरेत गाठ : नाही. धाकटी शेजारी बसून भिंतीवरचं पायाचं चित्र बघत होती. तिला विचारावं असं मला वाटलं नाही. एका ओट्याच्या दोन बाजूंना आम्ही वीस वर्षांहून जास्त राहतो. तिला काय झालं आणि काय नाही हे मला माहीत होतं.

डॉक्टर तरुण होते आणि हळू बोलत होते.

"किती वर्षं आहे हे?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"बारा," मी म्हणाले.

"दुखतं कधी?"

"संध्याकाळी. पाय जड होतो."

"बाळंतपणं?"

"दोन. दोन्ही नीट झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कोण?"

"जाऊ."

"थोरल्या?"

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसलेलं कोणीतरी हसलं. माझा आवाज तिथपर्यंत जात होता.

लेसर आज होईल का, असं मी विचारलं. सोबत दुसरं लुगडं आणि डबा आणला होता. डॉक्टर म्हणाले की शिरा दिसतात म्हणून लेसर असं नसतं. दिसणारी शीर वरची असते. तिच्या आत, मांसाच्या खाली, मोठ्या खोल शिरा असतात. आधी सोनोग्राफीनं दोन्ही बघायच्या, वरची कुठे बिघडली आहे आणि खोल शिरा धड आहेत का. मगच लेसर या पायाला चालेल की नाही ते ठरेल. मी म्हटलं बघा, पण लवकर बघा, साडेतीनची एसटी आहे.

सोनोग्राफीच्या खोलीत एक डॉक्टरीण होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी धाकटीला एका बुटक्या फळीवर उभं केलं, कारण शिरांचं काम उभ्या माणसातच कळतं म्हणे. पायाला गार चिकट काहीतरी लावलं आणि यंत्राचा दांडा जांघेपासून खाली फिरवायला लागल्या. मधेच पोटरी हातानं दाबायच्या आणि यंत्रातून पाटाच्या पाण्याचं दार उघडल्यासारखा आवाज यायचा. एका जागी तो आवाज आला नाही. त्यांनी परत दाबलं. मग बराच वेळ त्या मांडीवर एकाच ठिकाणी थांबल्या.

"या पायाला आधी कधी मोठी सूज आली होती?"

"नाही," मी म्हणाले. "फॉर्मवर लिहिलंय."

"मी त्यांना विचारतेय."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाहण्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

याआधी मला कोणी बाहेर बसायला सांगितल्याचं आठवत नाही. मी बसले. बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. हे त्या दोघींनाही कळत असणार, पण पडद्याचा काहीतरी उपयोग होत असावा, कारण धाकटी बोलायला लागली.

"पयल्या पोराच्या टायमाला. माहेरी व्हते, शिद्धगडाच्या खाली. आठव्या दिशी पाय सुजला, पार जांघेपासून. केळीच्या खांबासारका. आयनं एरंडाची पानं तापवून बांधली. दोन महिने पाय टेकवत नव्हता."

"दवाखान्यात नाही गेलात?"

"वढ्याला पाणी व्हतं. मंग उतरला हळूहळू."

"आणि सासरी?"

"सासरी नाय सांगितलं. आय बोलली, बाळातपणात माहेरी झालं ते माहेरी ठेवायचं. नायतं बोलतील, पोरगी देताना लंगडी दिली."

त्या वर्षी धाकटी सव्वा महिन्याऐवजी तीन महिन्यांनी आली होती. बाळाला सर्दी आहे, असा निरोप होता. लावणीला तिच्या वाट्याचं मी केलं. ती आली तेव्हा ओट्यावर चार माणसांत मी तिला म्हणाले होते, "माहेरची पेज लय गोड लागली गो!" ती बाळ घेऊन आत गेली होती. बाळ आता कॉलेजला आहे. मधल्या काळात ते वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं. त्या खुर्चीवर शब्दन् शब्द आठवला.

मला आत बोलावलं तेव्हा दोन्ही डॉक्टर यंत्राच्या पडद्यावरचं चित्र बघत होते. गुरुवारच्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे पाय काढला. त्या वेळची सूज म्हणजे मांडीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली होती. गाठ विरली, पण शीर आतून अरुंद राहिली, काही ठिकाणी जवळजवळ बंद. तेव्हापासून पायातलं रक्त वर नेण्याचं बरंचसं काम वरची शीर करते आहे. म्हणून ती फुगली.

"पण मशीन इथंच आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग वरची तेवढी करून टाका. दिसायला तीच दिसते."

डॉक्टर काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "ती बंद केल्यावर रगत जाईल कुठून?"

"तोच प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यानंतर ते फक्त तिच्याशी बोलले. हे लेसर पुष्कळ लोकांना चांगलं लागू पडतं, मी सांगितलेल्या वाशिंदच्या बाईंचं झालं ते बरोबरच झालं असेल. या पायात मात्र वरची शीर बंद करणं योग्य नाही, त्यानं सूज आणि जखम वाढू शकते. जांघेच्या वरच्या शिरा एकदा कल्याणला बघून घ्या, चिठ्ठी देतो. तोवर आणि त्यानंतरही, जखमेला मलमपट्टी आणि वरून घट्ट पट्टी. ती बांधण्यापूर्वी त्यांनी पावलातली नाडी तपासली. जखम भरली की मापाचा घट्ट मोजा, तो रोज. बसताना पाय वर. एका जागी उभं राहायचं नाही, चालायचं मात्र भरपूर.

"किती दिवस?" मी.

"कायम."

हा शब्द मला आवडत नाही. धाकटीनं मान डोलावली, जणू तिला कोणी खिचडीत मीठ किती घालायचं ते सांगितलं होतं.

साडेतीनची एसटी मिळाली. डबा आम्ही गाडीत खाल्ला. किन्हवली गेल्यावर मी म्हटलं, "मला सांगायचंस ना."

"तुमी इचारलं नाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आन् इचारलं असतंत तरी नसतं सांगितलं." भाकरीचा उरलेला तुकडा तिनं मला दिला.

कल्याणलाही तेच सांगितलं. तिथे फॉर्म तिनं भरला. तिचं अक्षर वाईट नाही.

शाळेच्या कामाचं राहिलं होतं. हेडमास्तरांकडे मी सोबत गेले आणि खुर्चीवर बसताबसता सुरुवात केली, "सर, हिच्या पायाचं असं आहे—" तर धाकटी म्हणाली, "वैनी, मी बोलते." तिनं सांगितलं की डाळ-तांदूळ निवडणं आणि भाजी चिरणं ती बसून करेल, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून. फोडणी आणि वाढणं मदतनीस बाई करेल, त्या बदल्यात भांडी धाकटी घासेल, तीही बसून. मधे मधे ती मैदानाला फेरी मारेल. मदतनीस बाईशी तिचं आधीच बोलणं झालेलं होतं. हेडमास्तर म्हणाले, खिचडी वेळेत झाली म्हणजे झालं. मी चहा घेतला.

घरी सासूबाई तिला भिंतीला पाय लावून पडलेली बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, आणि धाकटीनं सगळं सांगितलं, एरंडाच्या पानांपासून. सासूबाई वाल सोलत होत्या.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आयशीनं बारशाला सांगितलं व्हतं. सूज उतरली, मला वाटलं गेला रोग."

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला सांगितलं म्हंजे सरळगावच्या बाजाराला सांगितलं."

यजमान तिथेच बसले होते. ते मोटर बघायला गेले. मोटरला काही झालेलं नव्हतं.

जखम भरायला दिवाळी उजाडली. मधे दोनदा चिघळली, त्यातल्या एकदा पट्टी तिनं लावणीच्या घाईत दोन दिवस सोडून ठेवली होती म्हणून. त्यानंतर लावणीला तिला मी चिखलात उतरू दिलं नाही. ती बांधावर बसून रोपाच्या मुठी बांधायची आणि कोणाची रांग वाकडी जाते ते सांगायची. काळा डाग आहे तसाच आहे. शिराही तशाच आहेत. मोजा उन्हात नकोसा होतो, तेव्हा ती शिव्या देते. पण घालते.

नवं भात आलं की गिरणीवर गर्दी होते. परवा धाकटी तांदूळ न्यायला आली होती. रांगेतल्या एका बाईनं मोजा बघून विचारलं, "काय गो, लेसर व्हणार व्हता ना तुजा? घाबरलीस का काय?" माझ्याकडे ही चौकशी उन्हाळ्यापासून येत होती. मी आजवर "डॉक्टर नको म्हणाले" एवढंच सांगत आले होते. पुढचं सांगणं माझं नव्हतं. ज्यांना त्यातून पैशाची अडचण ऐकू आली त्यांना ती ऐकू येऊ दिली.

"माज्या पायाला तो चालत नाय," धाकटी म्हणाली.

"का? माज्या भावजयचा झाला."

"तिचा चालला आसंल. तुजा पण चालंल, आदी तपासून घे. माज्या पायात पयल्या बाळातपणात गाठ झालती."

"काय झालतं?"

मोटर चालू होती. धाकटीनं परत सांगितलं, मोठ्यानं. गाठ, जांघ, दोन महिने, सगळं. तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. रांगेतल्या आणखी दोघी पुढे आल्या, त्यातल्या एकीनं स्वतःची साडी वर करून पोटरी दाखवली आणि हे कसलं असेल, असं विचारलं. मी भात ओतत होते. हे कसलं ते मीही सांगू शकले असते, पण विचारलं तिला होतं. ती वाकून बघत होती आणि त्या बाईला एकेक विचारत होती, सूज आली होती का, कधी, किती दिवस, आणि प्रत्येक उत्तराला थांबत होती.