कांबळेंनी ऑटोफोकस बंद ठेवला होता

ज्यांनी कांबळेंना फेक म्हटलं, तेच आज त्यांना लेजेंड म्हणतायत.

मंगळवारी कांबळे गेले. हृदयविकाराचा झटका. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

बुधवारी आमच्या पक्षी-फोटोग्राफीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. काळी चौकट, खाली पांढरी फुलं, हात जोडलेले अडीचशे इमोजी.

खालचे 'लेजेंड' वाचून राग यायला हवा होता. खरं तर फक्त थकवा आला.

पण मी निवृत्त शिक्षिका आहे. चूक तशीच सोडून पुढे जाता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कांबळे रहाटणीचे. चाकणच्या एका गिअरच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी तीनशे एमएमची लेन्स घेतली आणि मोशीला इंद्रायणीच्या काठावर येऊन बसायला लागले. मी तिथंच राहते, कॅमेरा माझ्याकडेही आहे. तशी ओळख झाली.

लेन्स टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या डिकीतून आणायचे.

त्यांच्याकडे एक टूएक्स टेलिकन्व्हर्टर होता. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचं छोटं नळकांडं. तीनशेची लेन्स सहाशेची होते, पण प्रकाश पाव हिश्शावर येतो. मग बिचारा ऑटोफोकस चाचपडत बसतो. पुढे जातो, मागे येतो, परत पुढे. तोवर पक्षी मासा खाऊन झोपायला गेलेला असतो.

मी म्हटलं, ते फेकून द्या.

ते म्हणाले, "मॅडम, मशीन खराब नाही. आपण त्याच्याकडून चुकीचं काम मागतोय."

हिवाळ्यात जुन्या बंधाऱ्यातून बाहेर आलेल्या एका गंजक्या सळईवर कवड्या खंड्या बसायचा. काळा-पांढरा, कायम घाईत. पाण्यात सूर मारायचा आणि मासा घेऊन परत त्याच सळईवर यायचा. दर वेळी तिथंच.

कांबळेंनी दोन दिवस कॅमेरा काढलाच नाही. नुसतं बघितलं.

तिसऱ्या दिवशी ट्रायपॉड लावला. ऑटोफोकस बंद केला. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करून सळईवरचा गंज कणाकणानं दिसेपर्यंत लेन्सची फोकस रिंग हातानं फिरवली. मग रिंग हलू नये म्हणून तिच्यावर पिवळी चिकटपट्टी मारली.

आणि बसले. ओळीनं सहा सकाळी.

सहाव्या सकाळी मी शेजारी थर्मास घेऊन होते. खंड्या मासा चोचीत धरून आला, बसायच्या आधी पंख पसरून हवेत थबकला, आणि कांबळेंनी बटण दाबलं. पंखावरून उडालेला पाण्याचा थेंबन् थेंब त्या फोटोत आहे.

स्क्रीनकडे बघून इतकंच म्हणाले, "पास करायला हरकत नाही."

इतकं कौतुक त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोचंही केलं नसेल.

तो फोटो त्यांनी ग्रुपच्या स्पर्धेत टाकला. खाली प्रामाणिकपणे लिहिलं: तीनशे अधिक टूएक्स.

एवढं पुरलं.

"टूएक्स लावून उडत्या पक्ष्यावर फोकस लॉक? काका, आम्ही पण कॅमेरेच वापरतो."

"एआय आहे राव."

ॲडमिननं फोटो स्पर्धेतून काढला. फोटोखाली कारण लिहिलं, फेक. ओरिजिनल फाइल कुणी मागितली नाही. त्या फाइलमध्ये स्वच्छ नोंद असते की फोकस मॅन्युअल होता. ऑटोफोकसबद्दल ही मंडळी बरोबर होती. तो लॉक झालाच नसता. म्हणूनच तर त्या माणसानं तो वापरला नाही.

कांबळेंनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. मी भडकले. तुम्ही गप्प का, म्हणून विचारलं.

"मॅडम, ज्यानं पार्ट बनवला त्यानंच तो पास करायचा नसतो. दुसऱ्यानं बघून सांगायचं असतं. तुम्ही तिथं होता. दोन ओळी टाका ना."

मी म्हटलं, "कांबळे, असल्या लोकांच्या तोंडी लागायचं नसतं. काही डिग्निटी असते."

गलिच्छ बोलणाऱ्याला उत्तर देऊ नये, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवलं होतं. मी जन्मभर ते पाळलं नाही. आमच्या सोसायटीच्या टँकरवाल्याला विचारा. नेमकं त्याच दिवशी कसं आठवलं?

तर खरं कारण लिहिते. त्या आठवड्यात माझा तांबट पक्ष्याचा फोटो ग्रुपच्या कव्हरवर होता. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मला कुणीतरी फोटोग्राफर म्हणत होतं. ते मला घालवायचं नव्हतं.

कांबळे "बरं" म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. नदीवर यायचे, गप्पा मारायचे. पण फोटो कुठंच टाकला नाही. एकही नाही.

काल त्यांच्या घरी गेले. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली कांबळेंचा आयकार्डासारखा ताठ फोटो. खंड्याचा फोटो फ्रेम करून घेतलेला होता, पण कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून.

वहिनी म्हणाल्या, इथं लावणार होते, पण मुलगा नको म्हणाला. येणारे-जाणारे काही बोलले तर?

मग माझा हात धरून हळूच विचारलं, "मॅडम, तो फोटो खरा होता ना हो?"

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे मला विचारावं लागलं.

हो वहिनी. खरा होता. मी तिथं होते. सळई, पट्टी, सहाही सकाळी. हे मी तुम्हाला काल सांगितलं, आज सगळ्यांसमोर माझ्या नावानं लिहिते आहे.

ॲडमिन, ती फुलं काढा. आधी त्या फोटोखालचा 'फेक' शब्द काढा. मला ग्रुपमधून काढायचं असेल तर तेही करा.

कांबळे, दोन ओळीच मागितल्या होत्यात तुम्ही. मला आठ महिने लागले.

माफ करा. शेवटचा जय भीम.