थूल मॅडमचं शेवटचं परीक्षण

सिनेमा संपला तरी थूल मॅडम उठत नसत. पडद्यावर नावांची यादी सरकू लागली की लोक दाराकडे धावत, डोअरकीपर दिवे लावून मोकळा होई, आणि पांढरकवड्याच्या त्या थिएटरात मधल्या रांगेत एक साठीची बाई चष्मा सावरत लाइटमनचं, शिंप्याचं, जेवण पुरवणाऱ्याचं नाव वाचत बसलेली असे. एकदा ऑपरेटरने यादी मध्येच तोडली. मॅडम जिना चढून थेट त्याच्या खोलीत गेल्या. "काहून बंद केलं? माह्यं पाहून झालं नाई अजून!" त्या बिचाऱ्याने रिकाम्या थिएटरात यादी पुन्हा लावली.

कुसुम थूल आम्हाला कॉलेजात मराठी शिकवायच्या. त्यांच्या रागाला सगळे टरकून असत. पण रागावतानाही समोरच्याच्या हातावर फुटाणे ठेवायची त्यांना सवय होती, त्यामुळे शिव्या खाणारा फुटाणेही खात असे. लिहायच्या अगदी स्वच्छ प्रमाण मराठीत, बोलायच्या ठार वऱ्हाडी. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "लिवतानी मी प्राध्यापक हाय, बोलतानी माह्या मायची लेक हाय."

पुढे मी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक झालो. रविवारच्या पुरवणीत मी एका सिनेमाला 'कंटाळवाणा' म्हटलं, तर सकाळीच त्यांचा फोन. "तुले कंटाळा आला हे तुह्या झोपेचं वर्णन झालं. सिनेमानं काय केलं ते सांग ना!" मी म्हटलं, मग तुम्हीच लिहा. तेव्हापासून त्या लिहू लागल्या. फुलस्केप कागदावर लिहायच्या आणि त्याचा फोटो मला पाठवायच्या. आठेक वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही.

मग तो सिनेमा आला. महामार्गावरचा एक ट्रक ड्रायव्हर शेतात जाणाऱ्या बायांना एकेक करून मारतो, अशी गोष्ट. चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यात झालं होतं, पैसा लावणाऱ्यांत इथला एक पुढारी होता, त्यामुळे गावोगाव फलक लागले. पहिल्याच दिवशी थिएटर भरलं आणि मध्यंतरापर्यंत लोक जांभया देऊ लागले. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी सिनेमा झोडपला. खुनी कोण ते आधीच कळतं, उत्तरार्ध रेंगाळतो, थरार कमी पडतो, दोन तारे. मला वाटलं, मॅडमही असंच काहीतरी लिहितील.

मग त्यांचा फोन आला. "सगळ्यायले थरार कमी पडला म्हणे. आणखी दोन बाया मारल्या असत्या तं पुरला असता काय रे?"

त्या नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत बसल्या होत्या. यादीत खुन्याच्या कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. मेलेल्या बायांपुढे मात्र नुसतं 'मृतदेह एक', 'मृतदेह दोन' असं सातपर्यंत. त्यांच्या पुढच्याच रांगेत बंजारा तांड्यावरची धुरपताबाई राठोड सगळ्या घरादाराला घेऊन बसली होती. सिनेमातला तिसरा मृतदेह तीच होती. ती कपाशीच्या पराटीत उघड्या पाठीने पडलेली दिसली तेव्हा मागून शिट्ट्या वाजल्या. यादी संपेपर्यंत धुरपताबाई मॅडमला विचारत होती, "बाई, मले वाचता येत नाई. माह्यं नाव आलं काय?"

दुसऱ्या दिवशी मॅडम जीप धरून तांड्यावर गेल्या. मृतदेह झालेल्या सातही बाया तिथल्याच, त्या सगळ्यांना भेटल्या. भर उन्हात दिवसभर कसं निपचित झोपवलं, डोळ्यांवर माशी बसली तरी हलायचं नाही म्हणून कसं दटावलं, पदर काढायचं आधी सांगितलंच नव्हतं, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. परीक्षण आलं ते त्यांच्या आजवरच्या लिखाणापेक्षा वेगळं होतं. एकही वाक्य अलंकारिक नाही. 'हा सिनेमा फसला आहे, कारण त्याला खुन्याबद्दल कुतूहल आहे आणि मेलेल्यांबद्दल काहीच नाही,' अशी सुरुवात, आणि खाली सात बायांची नावं, काय काम करतात त्यासह.

संपादकांनी ते वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. "सिनेमा वाईट आहे म्हणा, कोणी नाही म्हणत नाही. पण हे तांड्याचं काढा. उद्या पुढाऱ्याचा माणूस येऊन बसेल."

मी काढलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. छापून आलं ते शहरातल्या परीक्षणांसारखंच होतं: कथा कमकुवत, उत्तरार्ध लांबला. खाली नाव कुसुम थूल यांचं.

सोमवारी त्या एस.टी.ने यवतमाळला आल्या. अंक माझ्या टेबलावर टाकला. बसल्या नाहीत.

"कोणं कापलं?"

"मॅडम, वरून सांगितलं होतं..."

"वरच्याचं नाव मी विचारून नाई राह्यली. कात्री कोणाच्या हातात होती?"

"माझ्या."

मी माफी मागायला लागलो, तशा त्या ओरडल्या, "माह्यी माफी कायले मागतं? माह्यं नाव तं छापलं ना तू! चाल माह्यासंगं."

तासाभराने आम्ही जीपमध्ये होतो. तांड्यावर बाया कामावरून परतल्या होत्या. मॅडमनी मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हा माहा विद्यार्थी. तुमचे नावं यानं काढले. आता तो सांगन काहून ते." मी म्हटलं, भीती वाटली. धुरपताबाई शांतपणे म्हणाली, "शिनेमात आमी मुडदे होतो भाऊ, म्हून नाव नोतं. पेपरात तं आमी जित्या होतो ना?"

परत येताना मॅडम पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरल्या, वळूनही पाहिलं नाही. त्यानंतर त्यांनी आमच्या पेपरात कधी लिहिलं नाही. मी दोनदा घरी गेलो. दार उघडलं, चहा दिला, फुटाणे दिले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. बुद्धवंदना झाली, अंत्ययात्रेला माणसं लोटली. पुढारी आले होते, संस्थाचालक आले होते, आणि तांड्यावरच्या सातही बाया दिवसाचं काम सोडून आल्या होत्या. बातमी मीच लिहिली. आमच्याकडे अशा बातमीत कोण कोण उपस्थित होतं त्याची यादी असते. त्या यादीत मी फक्त सात नावं घातली: धुरपता राठोड, जमना आडे, सोनी चव्हाण, लीला राठोड, गंगा पवार, शेवंता जाधव, कमला आडे.

संपादकांनी विचारलं, "पुढाऱ्यांचं नाव कुठंय? आणि या कोण?"

"या आल्या होत्या," मी म्हणालो. "छापायचं नसेल तर तुम्ही कापा. मी कापणार नाही."

त्यांनी कागद तसाच जाऊ दिला. पुढाऱ्याचा माणूस आला नाही. फोनसुद्धा आला नाही. म्हणजे परीक्षणाच्या वेळीही आला नसता कदाचित. हे कळल्यापासून माझा स्वतःवरचा राग उतरलेला नाही. तो उतरावा असंही मला वाटत नाही.