भर बाजारात फिरवलेलं तोंड

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मराठीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. हा शब्द सोनपेठच्या स्टँडवर कुणाला सांगून बघा. तो संपेपर्यंत ऐकणाऱ्याची गाडी निघून जाते. आमचे वडील पाहुण्यांना सांगतात, पोरगा डोक्याचं काहीतरी करतो. मग पाहुणे माझ्या डोक्याकडे बघतात. तिथे केस फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे माझ्या विद्येवरचा त्यांचा विश्वास चहा यायच्या आधीच उडतो.

शिकायला मी मोठ्या शहरातल्या इस्पितळात होतो. आमचे सर या पेशाचा इतिहास फार रंगवून सांगत. आधी प्रयोगशाळेत माणसाचं लक्ष आणि स्मरण मोजून झालं. मग शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी पहिली चिकित्सालयं निघाली. मग युद्ध आलं आणि हजारो सैनिकांच्या चाचण्या घ्यायला आमचे पूर्वज कामाला लागले. पण होते सगळे मोजणारेच. औषधपाणी आणि उपचार डॉक्टरांकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर मनानं खचलेले सैनिक इतके परत आले की डॉक्टर पुरेनात, तेव्हा कुठे आम्हाला माणसाशी बोलून त्याला बरं करायची मुभा मिळाली. सर हे सांगायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जणू ते युद्ध मीच जिंकलं होतं.

परत आल्यावर सोनपेठला एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यामागे खोली मिळाली. आठवडी बाजाराच्या दिवशी परभणीहून एसटीनं यायचं, संध्याकाळी परतायचं. पहिलं वर्ष मीही मोजणाराच होतो. मित्र चिठ्ठी पाठवायचा, बुद्ध्यांक काढून द्यावा. मी पेटी उघडून लाकडी ठोकळे मांडायचो, घड्याळ लावायचो, आकडा लिहून द्यायचो. एक बाई मुलाला दुसऱ्यांदा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मागच्या खेपेपेक्षा वाढला का तेवढं बघा. त्या पोराला तूप चालू केलं होतं.

मग एका हिवाळ्यात सर्दीतापाची साथ आली आणि मित्राला गर्दी आवरेना. ज्यांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या तरी ज्यांना बरं वाटत नाही, अशी माणसं तो माझ्याकडे ढकलू लागला. ज्या बढतीसाठी जगाला महायुद्ध करावं लागलं, ती मला पडशा-खोकल्यानं मिळाली.

त्या साथीत माझ्याकडे आले ते बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार. साठीच्या आसपासचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, शंकराचे निस्सीम भक्त. वर्षभरापूर्वी ऐन बाजाराच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड असताना, त्यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले आणि ते गुळाच्या ढेपेवर कोसळले. परभणी झाली, नांदेड झालं. हृदय ठणठणीत निघालं. पण त्या दिवसापासून ते घरातल्या मधल्या खोलीबाहेर पडायचे बंद झाले. दुकान मुलगा बघायचा. त्यांच्या मनानं एकच घेतलं होतं: गावाला आपण येडे झाल्याचं कळलंय, आणि आता बाहेर गेलो तर लोक तोंड फिरवतील.

या आजारावर आमच्याकडे चांगला इलाज आहे, आणि तो मला येत होता, हेही सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुमचा विश्वास बसायचा नाही. भीतीच्या पायऱ्या पाडायच्या आणि एकेक चढायची. आधी ओटा, मग गल्लीचं टोक, मग देऊळ. माझ्याकडे मात्र ते मुलाच्या गाडीवर मागच्या बोळानंच यायचे. पाच महिन्यांत ते देवळापर्यंत एकटे जाऊ लागले. घरच्या माणसांना आणि आपल्या लोकांना ते 'शरणार्थ' म्हणून हात जोडायचे; त्यांच्या समाजातला तो राम राम. हळूहळू मलाही तसंच म्हणायला लागले. मी त्यांच्यातला नाही. तरी म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं.

शेवटची पायरी बाजार. मी त्यांना एक कागद दिला, मधोमध रेघ मारून. दुपारी बाजारात एकट्यानं जायचं, दहा मिनिटं थांबायचं. जो नमस्कार करेल त्याची रेघ डावीकडे, जो तोंड फिरवेल त्याची उजवीकडे. तुम्हीच बघा किती जण तोंड फिरवतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

त्या दुपारी मी गुमान खोलीत बसायला हवं होतं. पण आपली विद्या स्वतःच्या पायांनी चालताना बघायची हौस दांडगी. पिशवी घेऊन गेलो आणि वांगी विकणाऱ्या बाईपुढे उभा राहिलो. ते आले. सावकाश, पण आले. लोक राम राम घालत होते, कुणी तब्येत विचारत होतं, आणि ते जरा बाजूला होऊन कागदावर रेघ ओढत होते. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. चेहरा असा उजळला की काय सांगू. तिथूनच हात जोडून ते म्हणाले, "शरणार्थ, डॉक्टरसाहेब."

आणि मला नियम आठवला. पेशंट बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, त्याचं गुपित फुटतं. शहरातल्या इस्पितळात मी हा नियम इतका चोख पाळायचो की लिफ्टमध्ये पेशंट शिरला की मी मजल्यांचे आकडे पाठ करायचो. सरांनी एकदा वर्गात माझं कौतुकही केलं होतं. ओळख त्यांनी आधी दिली होती, हे ध्यानातही न घेता मी तोंड फिरवलं आणि वांग्यांचा भाव विचारला, तोही इतक्या तन्मयतेनं की बाईंना वाटलं मी सगळा ढीगच उचलतोय. संध्याकाळी एसटीत दोन किलो वांगी मांडीवर घेऊन मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. मी फाइलमध्ये लिहिलं, सुधारणा झाल्याने येणे थांबवले असावे. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांची बायको आली. बसली नाही. पदराआडून तो कागद काढून तिनं टेबलावर ठेवला. डावीकडे रेघाच रेघा होत्या. उजवीकडे एकच होती.

ती म्हणाली, "त्या दिसापासून मधल्या खोलीतून उठंनात. म्हनतेत, लोकाचं सोड, ज्यानं पाठवलं त्यानंच तोंड फिरवलं."

गावाची भीती खोटी आहे हे त्यांना कळावं म्हणून मी प्रयोग मांडला होता, आणि सबंध सोनपेठात तोंड फिरवणारा माणूस एकटा मी निघालो होतो. त्या रेघेपुढे त्यांनी माझं नाव लिहिलं नव्हतं. गुपित त्यांनीच राखलं होतं. मला लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हा माणूस आता कायमचा त्या खोलीत राहिला, तर तो माझ्यामुळे.

पेशंटच्या घरी सहसा जाऊ नये, हाही आमच्यात एक दंडक आहे. पण एक पाळून एवढा पराक्रम झाला होता, तेव्हा दुसरा मोडून आणखी काय बिघडणार होतं. मी तिच्या मागोमाग निघालो.

ते मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, चहा ठेव. मी माफी मागितली आणि नियम समजावून सांगितला. सांगताना तो मलाच दर वाक्याला जास्त विचित्र वाटत गेला.

"म्हंजी माजी लाज राखायला तुमी वळख दिली न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मी तुमच्याकडं यायलोय हे साऱ्या गावाला ठाऊक हाय. हिनं देवळात सगळ्यायला सांगितलंय. मंग तुमी लपवायलात कुनापासून?"

 खरं तर नियमाचा काही दोष नाही. नियम शहाण्या माणसांनी केलेला आहे, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की बाहेर भेटलो तर काय करू, हे पेशंटला पहिल्या भेटीत विचारून घ्यावं. ही ओळ मी परीक्षेसाठी पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती आणि तिथेच ठेवून आलो होतो. हेही मी त्यांना सांगितलं.

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तर आता इचारा."

एवढी वर्षं माणसांना प्रश्न विचारून पोट भरतोय, पण हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच विचारला. बाजारात भेटलो तर मी काय करू?

"तुमी आदी म्हना," ते म्हणाले.

पुढच्या बाजारी मी दुपारभर रस्त्यात उभा होतो. ते येतील याची खात्री मुळीच नव्हती. उन्हं कलायला लागली तेव्हा आले, पावला-पावलाला थांबत, मुलगा बराच मागे. मी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि जरा जास्तच मोठ्यानं 'शरणार्थ' म्हणालो. दोन-चार माणसांनी वळून बघितलं. ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हात जोडले.

आता ते पुन्हा दुकानात बसतात, बाजाराच्या दिवशीसुद्धा. छाती अधूनमधून धडधडते. धडधडू दे म्हणतात आणि साखर मोजत राहतात. मी दर आठवड्याला दुकानावरून जातो आणि आधी शरणार्थ म्हणतो. ते क्षणभर नुसते बघतात, मगच हात जोडतात. मुद्दाम करतात का, हे विचारायची माझी छाती नाही. पण तेवढा वेळ मी भर बाजारात हात जोडून उभा असतो, आणि समोरच्याचे हात अजून वर आलेले नसतात.